साडेतीन कवांचं झाड

४ मार्च

आत्या,

वर 'तीर्थरूप' लिहावं की नुसतं 'आत्या', हे ठरवण्यात दोन कागद वाया गेले. आपण कधी भेटलो नाही, म्हणून आधी मी कोण ते सांगते. तुमच्या दोन भावांपैकी धाकट्याची मी मुलगी. तुम्ही घर सोडलंत तेव्हा माझा जन्म व्हायचा होता.

तुमचा पत्ता मला बाबांच्या कोटात सापडला. करड्या रंगाचा जाड कोट आहे, थंडीत ते दुसरं काही अंगाला लावत नाहीत. कुठून आणला विचारलं की म्हणतात, "बाजारात मिळाला." बाजारात मिळालेल्या कोटाच्या बाह्या इतक्या नेमक्या कुणाला बसत नाहीत. परवा अस्तर उसवलं म्हणून मी तो उलटा केला, तर कॉलरच्या मागे कापडी पट्टीवर दुकानाचं नाव आणि रस्ता. आपल्यात शिवणकाम करणारं एकच माणूस आहे, एवढं आई असताना तिच्या तोंडून एकदा ऐकलं होतं. माझा अंदाज चुकला असेल, तर हे पत्र दुकानदारानं फाडून टाकावं.

काम असं आहे. मी वनखात्यात मोजणीदार आहे. कायम नाही, हंगामापुरती. डोंगरात मोठी, जुनी झाडं शोधायची, मोजायची आणि त्यांच्याभोवतीच्या रानाला कधी कुऱ्हाड लागली होती का ते पाहायचं. हेच काम आबा, थोरले काका आणि बाबा करायचे, हे तुम्हाला मी काय सांगायचं.

खिंडीखालचा उत्तरेचा उतार कापणीला द्यायचं घाटतंय. कापणीवाले म्हणतात, हे रान आबांच्या काळात एकदा साफ झालं होतं, आता दिसतं ते मागाहून उगवलेलं, तेव्हा राखायचं काही कारण नाही. याच्या उलट सांगणारा आमच्याकडे एकच दाखला आहे, चाळीस वर्षांपूर्वी आबांनी खात्यात दिलेला: 'खिंडीखाली, तिसरी घळ. लालसाल. घेर साडेतीन कव. आजूबाजूस कुऱ्हाड नाही.' त्यावर ते म्हणतात, हा दाखला या उताराचा कशावरून? पलीकडच्या डोंगरालाही खिंड आहे, तिथेही घळी आहेत. म्हणून ते झाड सापडायला हवं आणि त्याचं माप दाखल्याशी जुळायला हवं. मेच्या मध्यात समिती बसेल. तोवर नाही जुळलं, तर उतार गेला.

तिसऱ्या घळीत मी सगळ्यात आधी जाऊन आले. तिथे एक झाड आहे, पण ते हे नव्हे. फार मोठं आहे. साडेतीन कव म्हणजे सहा मीटरच्या आत. हे सात मीटरच्या वर भरलं. मी टेप तीनदा लावला. या उंचीवर, या थंडीत लालसालीच्या झाडाचा घेर वर्षाला नखभरसुद्धा वाढत नाही. चाळीस वर्षांत एवढा फरक पडूच शकत नाही.

त्या मोजणीला जी माणसं हजर होती, त्यांपैकी आबा आणि काका आता नाहीत. बाबा 'तिसरी घळ' यापुढे काही सांगत नाहीत. राहिलात तुम्ही. तुम्हाला आणखी काही आठवत असेल, जवळचा एखादा दगड, पाण्याचा आवाज, काहीही, तर कळवावं. उत्तर कामापुरतं असलं तरी चालेल.

बाबा बरे आहेत.

तुमची भाची


२६ मार्च

आत्या,

तुमचं उत्तर आलं नाही. पत्र मिळालंच नसेल असंही असू शकतं, म्हणून पुन्हा लिहितेय. मिळूनही उत्तर द्यायचं नसेल, तर हेही तसंच बाजूला ठेवावं. तुम्हाला त्रास देतेय हे मला कळतं.

झाड सापडलेलं नाही. दुसरी घळ झाली, चौथी झाली, पाचवीत अर्ध्यापर्यंत गेले. वरचा बर्फ वितळतोय, त्यामुळे पाय ठेवावा तिथे माती सरकते. माझ्याबरोबर खात्याचा नकाशेवाला असतो. विमानातून घेतलेला उंचीचा नकाशा त्याच्या पाटीवर दिसतो. रान जिथे जास्त उंच, तिथे लाल ठिपका. एक ठिपका म्हणजे सकाळपासून दुपारपर्यंतची चढण. वर पोचावं, तर कधी खडकावर चढून बसलेलं तरणं झाड, कधी एकमेकांना खेटून उभी चार-पाच. विमानाला खडक आणि झाड वेगळं कळत नाही, आणि आम्हाला ते तिथे जाईपर्यंत कळत नाही.

कालही तसंच झालं. मी खाली बसले, उठवेना. नकाशेवाला चिखलातच फतकल मारून बसला आणि म्हणाला, "मोजणीदारबाई, एक विचारू? रागवायचं नाही."

"विचार."

"नवरी सापडलीय. तिसऱ्या घळीत नटून उभी आहे. तुम्ही म्हणता, ही नको, हिची उंची पत्रिकेपेक्षा जास्त."

"माप जुळत नाही."

"माप जुळत नाही म्हणून कोणी नवरी परत पाठवतं का? दाखल्यात तिसरी घळ आहे, झाड तिसऱ्या घळीत आहे. लिहून टाका."

"आणि समितीतल्या कुणी वाढीचा हिशेब विचारला तर? मग एक दाखला खोटा पडेल आणि त्याच्याबरोबर आबांनी मोजलेलं सगळंच खोटं पडेल."

"मग खोड पोखरून वलयं मोजा."

"आतून पोकळ आहे. तेही पाहिलं मी."

तो उठला, पँट झटकली आणि म्हणाला, "तुमच्या घरात सगळेच असे आहेत का हो?" मी काय सांगणार! शाळेत मी उशिरा गेले. त्याआधीची सगळी शाळा बाबांच्या मागे मागे डोंगर चढण्यात झाली. मीटर शिकायच्या आधी मी कव शिकले: दोन्ही हात पसरून खोडाला मिठी मारायची, एकाच्या बोटांना दुसऱ्याची बोटं टेकवायची, जितकी माणसं तितकी कव. मी लहान म्हणून मला 'पाव' धरायचे. बाहेरची माणसं विचारायची, पाव का? बेकरीत जन्मली का ही? आकडा चुकला की बाबा ओरडत नसत. नुसतं म्हणत, "परत जा." मग ते कितीही चढण असो, परत जायचं. अजूनही रात्री गादीवर पडले की मनात ते "परत जा" ऐकू येतं.

एक दुरुस्ती करायची आहे. मागच्या पत्रात 'बाबा बरे आहेत' असं लिहिलं, ते खरं नाही. दोन्ही गुडघे गेलेत. अंगणातल्या बाकापर्यंत काठी टेकत जातात आणि तिथून दुर्बिणीतून उतार बघत बसतात. मी तुम्हाला लिहितेय हेही त्यांना माहीत नाही. हे न सांगणं मला बरं वाटेना.

रविवारी त्यांच्याशी वाजलं. मी म्हटलं, "बाबा, तिसऱ्या घळीतलं झाड ते नाही."

"तेच आहे."

"घेर जुळत नाही."

"तुझा टेप जुळत नसेल."

"मग नीट आठवून सांगा ना. कोण कोण होतं मोजायला?"

"आबा, दादा, मी आणि अर्धी."

"अर्धी केवढी होती तेव्हा?"

"लेकरू होतं. अर्धी म्हणजे अर्धी. आता जरा उतार बघू दे."

अर्धी म्हणजे तुम्ही, एवढं मला माहीत आहे. घरात तुमचा विषय निघतो तो याच नावानं, आणि लगेच संपतो. म्हणून आता नेमकं विचारते. तेव्हा तुम्ही केवढ्या होतात? सात? आठ? त्या वयाच्या मुलीचे हात साधारण केवढे ते मला काढता येईल. म्हणजे तो अर्धा नेमका किती धरायचा ते कळेल, आणि कदाचित झाड आणखीही लहान शोधावं लागेल.

तुमची भाची


११ एप्रिल

आत्या,

तुझं पत्र आलं. मला 'तुम्ही' म्हणू नकोस, मी गिऱ्हाईक नाही, असं तू लिहिलंस, म्हणून 'तू' लिहितेय. हात अडखळतोय, पण सवय होईल.

कापड बेतायच्या कागदाची ती पट्टी मी टपाल कचेरीच्या पायरीवरच उघडली. तुझ्या चार ओळी मला आता पाठ आहेत. तरी इथे पुन्हा लिहिते, कारण चुकून मी काही वेगळं वाचलं असेल तर तू मला सांगशील:

'सात वर्षांची असताना मी अर्धी होते, ते बरोबर होतं. ते झाड मोजलं तेव्हा मी एकवीस वर्षांची होते. झाडाखालीच म्हटलं, आबा, आता माझी एक धरा. आबा हसले. तुझा बाप म्हणाला, अर्धी ती अर्धीच, तुला एक धरलं तर चहा कोण करणार? मी चहा केला. डोंगर उतरले. पुढचा हंगाम पाहिला नाही.'

आधी काय वाटलं ते सांगते, आणि त्याची मला लाज वाटते. आधी वाटलं, माप जुळलं. तीन आणि अर्धी नव्हे, चार. चार कव आणि चाळीस वर्षांची वाढ. पाठकोऱ्या कागदावर मांडून पाहिलं, तर तिसऱ्या घळीतल्या झाडाशी बोटभर इकडेतिकडे इतकं जुळत होतं. पाच आठवडे मी ज्या झाडाला 'तू नव्हेस' म्हणत होते, ते तेच होतं. तुझ्याबद्दलचं वाईट वाटणं त्यानंतर आलं. ते आधी यायला हवं होतं.

आणि मागच्या पत्रात मी तुला विचारलं होतं, सात की आठ. तुला ते वाचताना काय वाटलं असेल!

घरी आले आणि दाराची चौकट पाहिली. उंचीच्या खुणा आहेत ना तिच्यावर, कोरलेल्या? आबांची, काकांची, बाबांची, खाली माझ्या दरवर्षीच्या. लहानपणापासून त्या चौकटीतून आत-बाहेर करतेय. तुझी नाही हे कधी लक्षातच आलं नव्हतं.

बाबा बाकावर होते. मी सांगून टाकलं, की मी तुला पत्र लिहिलं आणि तुझं उत्तर आलं. दुर्बीण डोळ्यांवरून खाली आली नाही.

"काय म्हणते?"

"तेव्हा एकवीस वर्षांची होते म्हणते."

"काहीतरीच. एवढीशी होती." हात जमिनीपासून कमरेएवढा वर धरला.

"बाबा, झाडाखाली तुम्ही चहाबद्दल काही बोलला होतात का?"

यावर ते उठले. मला हात लावू न देता काठी टेकत आत गेले. बाकावरून घरापर्यंत जायला त्यांना किती वेळ लागतो ते तुला माहीत नाही. मी मागे उभी राहून ते सगळं अंतर पाहिलं.

आता अडचण अशी. दाखल्यात साडेतीन लिहिलंय. ते चार होते असं मी सांगून चालत नाही, मी तेव्हा नव्हते. मोजणीला हजर असलेल्या माणसानं समितीसमोर उभं राहून सांगावं लागेल, की ती अर्धी म्हणजे पुरती वाढलेली बाई होती. असं माणूस तू आहेस, नाहीतर बाबा आहेत. तुझ्यापासून इथे यायला दोन दिवस, आणि तू का यावंस? बाबा 'लेकरू होती' म्हणतात. समितीतही तेच म्हणाले, तर झाड खोटं, दाखला खोटा, उतार गेला. इतक्या वर्षांचं ते एक वाक्य मागे घ्यायचं नाही म्हणून बाबा उतार जाऊ देतील का? मला वाटतं, देतील. मला असं वाटतं हेच मला वाईट वाटतं.

तुझ्या हातांचं माप पाठवशील का? शिंपी आहेस, मी सांगायला नको. पण स्वतःचं माप स्वतः घेऊ नकोस, चुकतं. कुणाकडून तरी घे. वयानं खांदे आखडतात, म्हणजे तेव्हा थोडं जास्तच असणार. ते मी हिशेबात वेगळं लिहीन.

पाव


२७ एप्रिल

आत्या,

पाकीट पोचलं. मी आकडा मागितला होता, तू दोरा पाठवलास. दोन्ही टोकांना गाठ मारलेला पांढरा जाड दोरा, आणि चिठ्ठीत दोनच शब्द: 'ही मी.' तुझ्या हाताखालच्या मुलीनं माप घेतलं, हे पाकिटाच्या मागे वेगळ्या अक्षरात लिहिलंय. तिला माझ्याकडून सांग, गाठी छान घट्ट मारल्यास.

मी दोरा जेवणाच्या टेबलावर सरळ पसरला आणि टेप लावत होते. बाबा चहाचा कप घेऊन समोर बसले. हल्ली चहा तेच करतात. मी नको म्हटलं तरी करतात, गुडघे धरून ओट्याशी उभे राहतात. हे मी तुला का सांगतेय मला माहीत नाही.

"काय ते?"

"दोरा."

"दोरा दिसतोय मला. कुणाचा?"

"अर्धीचा," मी म्हटलं. मुद्दामच म्हटलं.

त्यांनी कपात पाहिलं. मग कप बाजूला सरकवला, उठले, भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि दोन्ही हात पसरले. कोट अंगात होता. "धर," म्हणाले.

मी एक गाठ त्यांच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला धरली, दोरा छातीवरून उजवीकडे नेला. उजवं बोट संपलं आणि दोरा उरला. थोडाच, पण उरला. मी पुन्हा लावला, उलट बाजूनं. पुन्हा उरला.

"ओला झाला असेल टपालात," बाबा म्हणाले. "दोरा ताणला जातो ओला झाला की."

"सुती दोरा ओला झाला की आटतो, बाबा."

"मग मी आटलो असेन."

तसे ते आटले आहेतच. ते मी हिशेबात धरलं, चौकटीवरच्या त्यांच्या जुन्या खुणेवरून. ते सगळं धरूनही तुझी कव त्यांच्यापेक्षा कमी भरत नाही. पण हे मी बोलले नाही. त्यांनी हात खाली घेतले, आणि बाही उजव्या हातानं चाचपली, मनगटापर्यंत, मग डावी चाचपली. मग त्यांनी विचारलं, "तिनं माप कधी घेतलं होतं गं?"

"कशाचं?"

"काही नाही," म्हणाले आणि कप विसळायला उठले.

समिती सोळा तारखेला बसणार आहे. ते येतील का, आले तर काय बोलतील, मी विचारलेलं नाही. मला भीती वाटते, की मी विचारलं तर ते नाही म्हणतील, आणि एकदा नाही म्हटलं की आमच्या घरात काय होतं ते तुला ठाऊक आहे. नकाशेवाला म्हणतो, दोरा समितीपुढे ठेवा, बस झालं. मी त्याला सांगितलं, दोऱ्यावरून तू आज केवढी आहेस ते कळतं. त्या दिवशी झाडाला धरायला तू होतीस की कुणी लहान मुलगी, हे दोरा सांगत नाही.

काल एकटीच तिसऱ्या घळीत गेले. काम नव्हतं. झाडाला हात लावला. उताराकडच्या बाजूला मुळांवर एक सपाट जागा आहे, तीन दगड काळे पडलेले आहेत. इतकी वर्षं काळे राहतील का, मला शंका आहे. कुणी गुराखी नंतर बसला असेल. पण चहा तिथेच केला असणार असं मला वाटलं, आणि मी त्या दगडांवर बसले नाही.

पाव


१८ मे

आत्या,

परवा समिती झाली. तपशील सगळा लिहिते, कारण तू विचारणार नाहीस हे मला आता कळलंय.

बाबा आले. सकाळी उठून पाहिलं तर दाढी करून, कोट घालून बाकावर तयार. मे महिना, अंगाला घाम येतोय, आणि कोट! नकाशेवाल्यानं गाडी दारापर्यंत आणली आणि दोघांनी त्यांना उचलून आत बसवलं. बाबा त्याला म्हणाले, "तूच का तो, माझ्या मुलीला म्हणतोस लिहून टाका?" त्यानं कानाला हात लावला. "परत नाही म्हणणार, काका. तिनं मला पाच घळी चढवल्यात."

सभेची खोली म्हणजे तालुक्याच्या जुन्या इमारतीतला वरचा मजला. जिना होता. कुणालाच सुचलं नव्हतं. बाबा एकेक पायरी बसून, मागे सरकत चढले. कोट झाडायला जागा नव्हती, तसेच खुर्चीवर बसले. अध्यक्ष एक वयस्कर बाई, चष्मा दोरीला बांधलेला. कापणीवाल्यांकडून वकील.

मी माझी मापं सांगितली, वाढीचा हिशेब सांगितला, दाखल्यातली अर्धी म्हणजे तू, तुला पूर्ण धरलं की चार होतात हे सांगितलं, कुठे बोटभर कमीजास्त होऊ शकतं तेही सांगितलं. वकिलानं नेमका तोच धागा धरला. "म्हणजे तुम्हालाच खात्री नाही."

"बोटभराची नाही. झाडाची आहे."

"दाखल्यात साडेतीन आहे. तुम्ही चार म्हणता. तुमच्या आजोबांना मोजता येत नव्हतं का?"

आबांना मोजता येत होतं आणि तरी त्यांनी चुकीचं मोजलं, हे एका वाक्यात कसं सांगायचं ते मला येईना. तेव्हा अध्यक्षबाई बाबांकडे वळल्या. "तुम्ही हजर होतात ना? मला साधं सांगा. तीन माणसं तुम्ही. चौथी अर्धी. ही अर्धी म्हणजे कोण होती?"

बाबा काठीवर रेलून उभे राहिले. बसून बोला, असं बाई दोनदा म्हणाल्या. ते बसले नाहीत. वकील घड्याळ बघायला लागला. मला वाटलं, आता 'लेकरू' म्हणणार.

"अर्धी कोणी नव्हती," बाबा म्हणाले. "चौघं होतो आम्ही."

वकील हसला. "एवढ्या वर्षांनी बहीण एकदम मोठी झाली का काका?"

"ती तेव्हाच मोठी होती. माझ्याहून बोटभर जास्तच." मग थांबून म्हणाले, "आम्ही धरली नाही."

अध्यक्षबाईंनी लिहून घेतलं. मग म्हणाल्या, चौथ्या मोजणीदाराचं नाव सांगा, दाखला दुरुस्त करताना लागेल. आणि बाबांनी तुझं नाव घेतलं. पूर्ण नाव, पहिल्यापासून शेवटपर्यंत. माझ्या आयुष्यात त्यांच्या तोंडून मी ते प्रथमच ऐकलं. इथे लिहीत नाही, ते तुझं आहे, तुला माहीत आहे. बाईंनी नीट ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा विचारलं, तर त्यांनी पुन्हा घेतलं, मोठ्यानं.

निकाल काल आला. उताराच्या मधून जाणाऱ्या ओढ्याच्या वरचा सगळा भाग जुनं रान म्हणून राखला जाईल. ओढ्याखालचा कापणीला गेला. तिथेही मोजण्यासारखी झाडं होती. पाच आठवडे मी वरच्या घळींत ते एक झाड शोधत फिरले, खाली जायला वेळ उरला नाही, आणि न मोजलेल्या झाडांची बाजू कुणाला घेता येत नाही. नकाशेवाला म्हणतो, अर्धं तरी वाचलं. आमच्या घरात हा शब्द त्यानं वापरायला नको होता. पण त्याला काय माहीत. मी फक्त हो म्हटलं. मला फार थकवा आलाय, आत्या. झोपून उठलं तरी तो तसाच असतो.

बाबा तुझ्यासाठी तसं बोलले की उतारासाठी, हे मला सांगता येत नाही. तुला खोटं बरं वाटावं म्हणून एक बाजू निवडणार नाही. दोन्हीसाठी असेल. कुठली बाजू किती, याला माझ्याकडे माप नाही. घरी आल्यावर एवढंच झालं: ते दाराशी थांबले, चौकटीला हात लावून उभे राहिले. मी विचारलं, दुखतंय का? तर म्हणाले, "तुझ्याकडे तो दोरा आहे ना? उंची आणि कव साधारण सारखीच असते." मी दोरा आणला. त्यांनी एक गाठ पायानं जमिनीवर दाबून धरायला सांगितली, दुसरी स्वतः वर ताणली आणि चाकूनं खूण केली. हात थरथरतो म्हणून खूण जरा वाकडी आली. आबांच्या खाली, बाबांच्या वर.

या पत्राबरोबर एक पुडकं पाठवतेय. त्यात कोट आहे. जिन्यावर मागचं अस्तर पार फाटलं. मी इथेच शिवून घेते म्हटलं, तर बाबा म्हणाले, "नको. ज्यानं बेतलाय त्याच्याकडेच जाऊ दे." म्हटलं, ठीक आहे, मग लिहिते, शिवून परत पाठव म्हणून. मी लिहायला बसले. ते माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले, आणि म्हणाले,

"पाठव असं नको लिहू. घेऊन ये, असं लिही."

पाव